‘मॅनेज करते’ हे उत्तर फॉर्मवर लिहू नका

‘सध्या तुम्ही एक्सेलची शीट कशी वाचता?’ असेसरने, म्हणजे अपंग कर्मचाऱ्यांना कामासाठी मदत देणाऱ्या सरकारी योजनेच्या तपासनिसाने, फोनवर विचारलं. २०२२ चा ऑगस्ट होता. लीड्समधल्या एका मालवाहतूक कंपनीत माझी सहा महिन्यांची इंटर्नशिप चालू होती आणि मी कँटीनच्या कोपऱ्यात कानाला फोन लावून बसले होते. मी म्हटलं, ‘मॅनेज करते.’ पलीकडे कीबोर्ड वाजला. प्रवास कसा करता? ‘तोही मॅनेज करते.’ पुन्हा कीबोर्ड.

दहा दिवसांनी अहवाल आला. वाचनात मध्यम अडचण, मोठा मॉनिटर घ्यावा. प्रवासात अडचण नाही.

त्या माणसाची काही चूक नव्हती. मी जे बोलले तेच त्याने लिहिलं. मिरजेत आमच्या शेजारच्या काकू माझ्याबद्दल अभिमानाने सांगायच्या, ‘पोरीला दिवेलागणीनंतर काही दिसत नाही, पण कधी कुणाला कळू दिलं नाही हो तिने.’ लहानपणापासून हेच सर्टिफिकेट मिळवलेलं. त्याच सवयीने मी सरकारी पैशाच्या अर्जावरही कुणाला कळू दिलं नाही.

ब्रिटनमध्ये नव्याने नोकरीला किंवा इंटर्नशिपला लागणाऱ्या, आणि डोळे, कान, सांधे, मन, मेंदू यांपैकी कशात तरी कायमची अडचण असलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहिते आहे. योजनेचं नाव ॲक्सेस टू वर्क. १९९४ पासून चालू आहे, काम आणि पेन्शन खातं ती चालवतं. तरीही इथे दहा-दहा वर्षं राहिलेल्या आपल्या लोकांना तिचं नाव माहीत नसतं. मलाही सहा वर्षं नव्हतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे २०१६ मध्ये आले, घर सांभाळलं, डेटा ॲनालिसिसचा कोर्स केला, आणि कंपनीतल्या एका सहकारिणीने आठव्या आठवड्यात सहज विचारलं, ‘तुझं ॲक्सेस टू वर्क झालं का?’ मला वाटलं, दरवाजाच्या स्वाइप कार्डाबद्दल विचारते आहे. खिशातून काढून दाखवलं.

माझा आजार आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून उलगडतं. रेटिनायटिस पिगमेंटोसा, घरगुती भाषेत रातांधळेपण. बाबांनी सख्ख्या मामाची मुलगी केली. आमच्या भागात ते रीतीचंच. जनुकातला एकच बिघाड दोघांकडे निघाला आणि माझ्यात एकत्र आला. या आजारात आधी अंधारातलं जातं, मग कडेकडेचं. मधलं बरंच टिकतं. आज मी पेपरच्या सुरळीतून पाहावं तसं जग बघते. सुरळीच्या आतलं स्वच्छ दिसतं, म्हणून लोकांना पटत नाही. सुईत दोरा ओवते आणि पायाशी ठेवलेल्या बादलीला अडखळते.

आता सांगा, अशा माणसाला मोठा मॉनिटर देऊन काय होणार? जितका पडदा मोठा तितकी मान जास्त फिरवायची. अक्षर तिप्पट मोठं केलं तर पडद्याचा नववा भागच एका वेळी दिसतो, आणि माझ्या सुरळीत त्यातलाही तुकडाच मावतो. मला हवं होतं ते नेमकं उलट: लहान पडदा, काळ्यावर पिवळी अक्षरं, आणि बाकीचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर. पण ‘मोठा मॉनिटर चालेल ना?’ असं त्याने विचारलं तेव्हा मी ‘हो, हो, चालेल’ म्हटलं होतं. देणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?

असो. योजनेची चौकट थोडक्यात. वय १६ किंवा जास्त हवं, इंग्लंड, स्कॉटलंड किंवा वेल्समध्ये राहत आणि काम करत असायला हवं, आणि काम पगारी हवं. उत्तर आयर्लंडची व्यवस्था निराळी आहे. अपंगत्वाचं कार्ड लागत नाही. आपल्याकडच्या यूडीआयडी कार्डासारखं टक्केवारीचं प्रमाणपत्र इथे नोकरीसाठी कुणी मागत नाही. पाहतात ते एवढंच की अडचणीचा कामावर परिणाम होतो का आणि ती दीर्घकाळ, म्हणजे साधारण बारा महिने किंवा जास्त, टिकणारी आहे का. मिळतं ते अनुदान. परत करायचं नाही, पगारातून कापलं जात नाही, इतर भत्त्यांवर त्याचा परिणाम होत नाही. त्यातून उपकरणं येतात, सॉफ्टवेअर येतं, सपोर्ट वर्करचे तास येतात, बहिऱ्या माणसासाठी खुणांच्या भाषेचा दुभाषी येतो, बस-ट्रेन झेपत नसेल तर टॅक्सी येते, काम शिकवणारा जॉब कोच येतो. वर्षाला कमाल मर्यादा असते. २०२४-२५ मध्ये ती ६९,२६० पौंड होती. हा आकडा वाचून डोळे पांढरे करू नका. तिथपर्यंत पोचतात ते बहुतेक रोज दिवसभर दुभाषी लागणारे बहिरे कर्मचारी. माझ्यासारख्यांचा खर्च त्याच्या आसपासही जात नाही.

इंटर्नना हे मिळतं का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो. पगारी इंटर्नशिप असेल तर ती नोकरीच धरतात. बिनपगारी असेल, ‘अनुभव मिळेल’ छापाची असेल, तर नाही. स्वयंसेवी कामालाही नाही. अप्रेंटिसशिपला मिळतं. विशेष शिक्षणाचा आराखडा असलेल्या १६ ते २४ वयाच्या मुलांसाठी सपोर्टेड इंटर्नशिप नावाचा प्रकार आहे, त्यातल्या कामाच्या जागेवरच्या मदतीलाही मिळतं. अपंग विद्यार्थ्यांना पगारी उन्हाळी इंटर्नशिप मिळवून देणारे कार्यक्रमही इथे झाले. लिओनार्ड चेशायर या संस्थेचा चेंज १०० हा त्यातला गाजलेला. नाव ओळखीचं वाटलं ना? अंधेरीला महाकाली केव्हज रोडवर जे चेशायर होम आहे, ते त्याच परंपरेतलं.

आता ज्यावरून माझं नुकसान झालं ते सांगते. कामाला लागल्यापासून सहा आठवडे. ही मुदत घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

सहा आठवड्यांच्या आत अर्ज केला तर मंजूर झालेल्या उपकरणांचा खर्च शंभर टक्के योजनेतून मिळू शकतो. त्यानंतर केला तर मालकाला वाटा उचलावा लागतो. किती, ते कंपनीच्या आकारावर. पन्नासपेक्षा कमी माणसं असतील तर काही नाही. ५० ते २४९ असतील तर पहिले ५०० पौंड आणि त्यापुढे १०,००० पर्यंतच्या खर्चाचे २० टक्के. २५० किंवा जास्त असतील तर पहिले १,००० आणि तसेच २० टक्के. मी अर्ज केला आठव्या आठवड्यात, कंपनी तीनशेच्या वरची. मॉनिटर, त्याचा हलता दांडा, कागद मोठा करून दाखवणारं कॅमेऱ्याचं यंत्र, सॉफ्टवेअर असा हिशोब ४,२०० पौंडांचा झाला. म्हणजे पहिले हजार कंपनीचे, उरलेल्या ३,२०० चे वीस टक्के म्हणजे ६४० तेही कंपनीचे. एकूण १,६४०. आणि मी सप्टेंबरअखेर जाणार होते.

एचआरच्या बाई गोड होत्या. ‘कायम नोकरी झाली असती तर लगेच केलं असतं गं’ अशा अर्थाचं काहीतरी बोलल्या. काहीच आलं नाही. त्यातला मॉनिटर आला असता तरी माझ्या कामाचा नव्हताच, तेव्हा दुःख अर्धंच झालं असं म्हणायला हरकत नाही. इंटर्नशिप संपली, कायम नोकरीचं पत्र मात्र मिळालं नाही. कारण लिहिलं होतं: काम अचूक, वेग कमी.

‘वेग कमी’ हे दोन शब्द मी बरेच दिवस चघळले. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘अगं, तू त्यांना सांगितलं नव्हतंस का दिसत नाही म्हणून?’ सांगितलं होतं की. डोळ्यांबद्दल सगळं सांगितलं होतं, आजाराचं लॅटिन नावसुद्धा. कामाबद्दल काही सांगितलं नव्हतं.

पुढच्या खेपेला मी आधी वही घेतली. नवी नोकरी लीड्समध्येच, एका लहानशा वितरण कंपनीत, रुजू व्हायची तारीख फेब्रुवारी २०२३. ऑफर लेटर डिसेंबरात हातात आलं त्याच आठवड्यात अर्ज केला. कामाला लागण्याआधी बारा आठवड्यांच्या आत असलात तर अर्ज करता येतो, आणि चार आठवड्यांत रुजू होणाऱ्यांचे अर्ज आधी घेतात. अर्जात नॅशनल इन्शुरन्स नंबर आणि ऑफिसमधल्या एका माणसाचं नाव-ईमेल द्यावं लागतं, कारण ते लोक त्या माणसाशी बोलतात. त्याला आधी कल्पना द्या. माझ्या एका ओळखीच्या मुलाने असं नाव दिलं की त्या गृहस्थांनी पहिला ईमेल फसवणुकीचा समजून कचऱ्यात टाकला.

वहीत काय लिहिलं? इंटर्नशिपमधला एक आठवडा आठवून, तासातासाने. उदाहरणार्थ: बिलं आणि डिलिव्हरी नोट ताडून पाहणे, १४० ओळी, शेजारच्या मुलीला चाळीस मिनिटं, मला एक तास पन्नास मिनिटं, नंतर डोकं दुखतं. ड्रायव्हरने हाताने खरडलेल्या नोटा, फिकट निळी शाई, वाचताच येत नाहीत, दिवसातून तीनदा कुणाला तरी विचारते. मीटिंगमध्ये भिंतीवर चार्ट दाखवतात, दिसत नाही, मान डोलावते. गोदामात महिन्यातून दोनदा फेरी, फोर्कलिफ्टच्या वाटा कडेला असतात आणि माझी कड गेलेली आहे. आणि पुढच्या नोकरीसाठी: नोव्हेंबर ते फेब्रुवारी, घरी जाताना अंधार.

हे शेवटचं वाक्य लिहितानाही हात अडखळला. लीड्समध्ये डिसेंबरात पावणेचारला सूर्य मावळतो. एवढं मोठं शहर, पण ना मेट्रो ना ट्राम. सगळा कारभार बसवर. स्टॉपवर उभी राहिले तर येणाऱ्या बसचे दिवे दिसतात, नंबर दिसत नाही. मग प्रत्येक बसला हात करायचा, ड्रायव्हरला विचारायचं, आणि चुकीची असली की ‘सॉरी’ म्हणायचं. बसमधून उतरल्यावर घरापर्यंत सात मिनिटं भिंतीला हात लावत. एकदा कुणाच्या तरी कुंपणाच्या झुडपात शिरले होते. हे मी नवऱ्यालाही पूर्ण सांगितलं नव्हतं. आणि कँटीनमध्ये बसून असेसरला सांगितलं होतं, ‘मॅनेज करते.’

दुसरा असेसर प्रत्यक्ष ऑफिसात आला. (फोनवर, व्हिडिओवर किंवा जागेवर, तिन्ही प्रकारे होतं. तुमचं काम जागेशी बांधलेलं असेल तर जागेवर या असं आग्रहाने सांगा.) मी वही उघडून वाचायला लागले. तो मध्येच म्हणाला, ‘म्हणजे आजाराचं नाव मला नको होतंच. हे हवं होतं.’ त्याचं बरोबर होतं. हा पैसा आजारपणाचा नाही, कामाचा आहे. कोणतं काम, त्याला किती वेळ लागतो, कुठे अडतं, काय असलं म्हणजे अडणार नाही, या चार गोष्टी सांगितल्या की समोरच्याला फॉर्म भरता येतो. आणि ‘वाईट दिवस’ सांगा. आपण पाहुण्यांना घरातली चांगली खोली दाखवतो, तसा चांगला दिवस दाखवायची हौस असते. संधिवात असलेल्या माझ्या एका मैत्रिणीने असेसमेंटला खास औषध घेऊन, ताठ बसून उत्तरं दिली. तिला साधी खुर्ची मिळाली.

त्याने मोठा मॉनिटर सुचवला तेव्हा मी नको म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी वस्तू नको म्हटली. सुरळी करून दाखवली. तो ती सुरळी डोळ्याला लावून बराच वेळ स्प्रेडशीटकडे बघत बसला.

एक फरक इथे नीट लक्षात घ्या, कारण यावर कंपनी आणि योजना यांच्यात चेंडू फिरत राहतो. २०१० च्या समानता कायद्याने मालकावर ‘रिझनेबल ॲडजस्टमेंट’, म्हणजे वाजवी बदल, करण्याची जबाबदारी टाकली आहे. खिडकीची तिरीप पडणार नाही अशी जागा, येण्या-जाण्याच्या वेळेत बदल, मीटिंगचे चार्ट आदल्या दिवशी ईमेलने पाठवणे, चाचणीला जास्त वेळ. हे मालकाने स्वतः करायचं, त्याला योजना पैसे देत नाही. त्याच्या पलीकडचं जे आहे ते योजनेकडे मागायचं. माझी हिवाळ्यातली सुटायची वेळ तीनची करून घेतली ती मालकाकडून, मंगळवारी आणि गुरुवारी थांबावंच लागतं त्या दोन दिवसांची टॅक्सी योजनेतून. कुणी म्हणालं की ‘तुमचं ॲक्सेस टू वर्क येऊ दे, मग बघू’, तर नम्रपणे सांगा की कायदा त्याची वाट बघत नाही.

हेही त्याच कायद्यात आहे: नोकरी देण्याआधी, थोडे अपवाद सोडले तर, मालकाने तुमच्या तब्येतीबद्दल विचारायचं नाही. मग आपण होऊन कधी सांगायचं? यावर माझं मत बदललेलं आहे. पहिल्यांदा मी मुलाखतीतच सगळं ओतलं. दुसऱ्यांदा मुलाखतीच्या आमंत्रणाला उत्तर देताना फक्त एवढं लिहिलं की लेखी चाचणी असेल तर ती कॉम्प्युटरवर, माझ्या सेटिंगमध्ये हवी. ऑफर लेटर आल्यावर बाकीचं. बहिऱ्या उमेदवारांना मात्र आधी बोलावं लागतं. मुलाखतीसाठी दुभाषीचा खर्चही योजनेतून मिळतो, पण त्यासाठी वेगळा अर्ज आधी करायचा असतो.

मंजुरीचं पत्र आलं की सगळ्यांना वाटतं झालं. तिथून खरं सुरू होतं.

उपकरणं बहुतेक वेळा मालकाने विकत घ्यायची आणि मग पैसे परत मागायचे. म्हणजे वस्तू कंपनीच्या नावावर होते. नोकरी सोडताना ती आपोआप बरोबर येत नाही. सोडण्याआधी बोलून घ्या. मंजुरीही आपोआप पुढच्या नोकरीला लागू होत नाही.

सॉफ्टवेअरचं तर विचारू नका. मंजूर झालेला स्क्रीन रीडर आयटीवाल्यांनी तीन आठवडे अडवून ठेवला, कारण तो ‘पडद्यावरचं सगळं वाचतो’ म्हणून सुरक्षेला धोका! सगळं वाचावं म्हणूनच तर घेतला. तो बसवला, तर कळलं की बिलांची प्रणाली दूरच्या सर्व्हरवर चालते, आणि माझ्या कॉम्प्युटरवरच्या स्क्रीन रीडरला ती म्हणजे एक मोठं चित्र. चित्रापुढे तो मुका. सर्व्हरच्या बाजूलाही त्याचा जोडभाग बसवावा लागला तेव्हा बोलायला लागला. नोकरीला लागण्याआधीच विचारा: तुम्ही कोणत्या प्रणाली वापरता, दूरस्थ डेस्कटॉप आहे का, आणि बाहेरचं सॉफ्टवेअर बसवायला कुणाची सही लागते. हे प्रश्न असेसरलाही सांगा. तोवर मी एनव्हीडीए नावाच्या दुसऱ्या स्क्रीन रीडरवर भागवलं. ते फुकट आहे, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने लिहायला घेतलेलं, आणि त्यात इ-स्पीक या बोलणाऱ्या सॉफ्टवेअरचा मराठी आवाजही आहे. आवाज रेल्वे स्टेशनवरच्या बाईचा घसा बसल्यासारखा आहे, पण आईचे व्हॉट्सॲप वाचून घ्यायला पुरतो.

आणि प्रशिक्षण! ते वेगळं मागा. स्क्रीन रीडर दिला आणि शिकवला नाही तर तो पेटी न शिकता पेटी घरात आणल्यासारखा. मला चार अर्ध्या दिवसांचं मिळालं, कारण वहीत ‘शिकायला लागेल’ असं लिहिलं होतं. माऊस सोडून सगळं कीबोर्डवर करायला पहिला महिना रडू आलं. आता १४० ओळी पन्नास मिनिटांत होतात.

टॅक्सीसाठी साधारणपणे तीन ठिकाणची दरपत्रकं मागतात. रक्कम पूर्ण मिळत नाही. बसने गेलो असतो तर जे लागलं असतं तेवढा वाटा आपला. इंग्लंडमध्ये बसचं एकेरी तिकीट जानेवारी २०२५ पासून तीन पौंडांपर्यंत मर्यादित आहे, त्यामुळे हिशोब सोपा झाला. पावत्या जपायच्या. मालकाची सही लागते, आणि क्लेम ठरलेल्या मुदतीत लावायचा. आठवड्याच्या शेवटी पाच मिनिटं काढून पावत्यांचे फोटो एका फोल्डरमध्ये टाकते. महिन्याच्या शेवटी शोधायला बसलात तर एक-दोन पौंडांच्या नाही, एक-दोन आठवड्यांच्या पावत्या हरवलेल्या असतात.

सपोर्ट वर्कर आठवड्याला चार तास मिळाली. खरडलेल्या नोटा वाचून दाखवते, गोदामाच्या फेरीत कोपर देते. माझं काम तिने करायचं नसतं, हे तिला आणि कंपनीलाही पहिल्या दिवशी सांगावं लागलं. एकदा मॅनेजरने तिलाच विचारलं, ‘हिला हा आकडा पटतोय का?’ ती म्हणाली, ‘ती इथेच आहे, विचारा की.’ तेव्हापासून तिच्यासाठी दर गुरुवारी डब्यात काहीतरी जास्तीचं नेते. थालीपीठ फार आवडतं तिला.

मनाच्या आजारांसाठी, चिंता, नैराश्य अशा गोष्टींसाठी, याच योजनेचा वेगळा भाग आहे. नऊ महिन्यांपर्यंत माणूस मदतीला मिळतो, गोपनीय असतो, कंपनीला कळवावंच लागतं असं नाही. आपल्या लोकांनी याकडे बघावं असं फार वाटतं. आपल्याकडे डोळे गेले तर निदान सांगता येतं.

आता अडचणी. अर्जांचा ढीग मोठा आहे. गेल्या काही वर्षांत अर्जदार खूप वाढले आणि हजारो लोक महिनोन्‌महिने थांबलेले आहेत, यावर इथल्या संसदेत सतत प्रश्न विचारले जातात. मार्च २०२५ मध्ये सरकारने अपंगांच्या भत्त्यांवर जो सल्लामसलतीचा कागद काढला त्यात या योजनेचं पुढे काय करायचं हाही विषय होता. त्यामुळे नियम बदलू शकतात. अर्ज करण्याच्या दिवशी सरकारी संकेतस्थळ पुन्हा बघा. मंजुरीआधी आपल्या खिशातून खर्च करू नका, मागचे पैसे मिळतीलच असं धरून चालू नका. निर्णय पटला नाही तर फेरविचार मागता येतो, तो दुसरा अधिकारी करतो. कोर्टासारखं अपील नाही. फेरविचारात ‘माझ्यावर अन्याय झाला’ असं लिहिण्यापेक्षा वहीतली पानं जोडा.

ब्रिटनच्या केंद्र सरकारच्या खात्यांत नोकरी लागली तर ही योजना तिथे नाही. ती खाती स्वतःच्या पैशाने मदत करतात. विद्यार्थ्यांचं थोडक्यात: विद्यापीठातल्या अपंग विद्यार्थ्यांना मिळणारा भत्ता अभ्यासासाठी असतो आणि भारतातून आलेल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्याला तो मिळत नाही. पण समानता कायदा विद्यापीठालाही लागू आहे, तेव्हा परीक्षेला जास्त वेळ, मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका, लेखनिक हे मागायला लाजू नका. तुमच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सार्वजनिक निधीतून मदत नाही) असं लिहिलेलं असेल तर सार्वजनिक निधी म्हणजे नेमकं काय याची यादी इमिग्रेशनच्या नियमांत दिलेली आहे. फेसबुकवरच्या दादांना विचारण्याआधी ती यादी स्वतः वाचा, आणि गरज पडली तर नोंदणीकृत सल्लागाराला विचारा.

भारतात परत जाणाऱ्यांनीही हात हलवत जाऊ नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे अपंगत्व आहेत, सरकारी आस्थापनेने कामाच्या जागी योग्य त्या सोयी करून द्यायच्या हे लिहिलेलं आहे, सरकारी नोकरीत चार टक्के आरक्षण आहे, आणि केंद्र सरकारच्या पात्र कर्मचाऱ्यांना वाहतूक भत्ता दुप्पट दराने मिळतो. पुण्यात मी नोकरी करत होते तेव्हा हा कायदा झालेला नव्हता. दिवे लागले की कॅबचा ड्रायव्हर हात धरून फाटकापर्यंत सोडायचा, बिचारा कधी काही बोलला नाही. तीच आमची योजना.

गेल्या महिन्यात मूळ सोलापूरच्या एका मुलाचा मेसेज आला. दोन्ही कानांत यंत्रं, मँचेस्टरला वर्षभराची पगारी प्लेसमेंट मिळालेली, इथेच वाढलेला पण मराठी अस्सल. ‘ताई, फॉर्म भरलाय, एकदा बघून द्या ना.’ पाठवला. कामात काय अडचण येते, या रकान्यात त्याने लिहिलं होतं: मीटिंगमध्ये थोडं ऐकू येत नाही, पण मॅनेज होतं.

मी फोन केला. म्हटलं, ‘अरे, किती माणसं असतात मीटिंगमध्ये?’ दहा. ‘त्यातल्या किती जणांचं ऐकू येतं?’ समोरच्या दोघांचं. ‘मग बाकीच्या आठ जणांनी काय ठरवलं ते तुला कधी कळतं?’ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘दुसऱ्या दिवशी. कधी कधी कळतच नाही.’

‘हे लिही,’ म्हटलं. ‘असंच्या असं लिही. आणि रुजू कधी झालास?’

सोमवारी. मी कॅलेंडरवर सहा आठवडे मोजून त्याला तारीख पाठवली.